ॲमेझॉन, ॲझ्युर की गूगल: क्लाउड वापरायला सोपा कुठला, आणि ‘सोपा’ म्हणजे नेमकं काय?

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांच्या अंतराने दोन मोठे क्लाउड आडवे झाले. २० तारखेला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील यंत्रणेत बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट यांच्यासारखी ॲप्स जगभर अडखळली. २९ तारखेला मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरची पाळी आली. त्याआधी १२ जूनला गूगल क्लाउड काही तास कोलमडला होता आणि स्पॉटिफाय, डिस्कॉर्ड त्याच्यासोबत गेले होते. तेव्हापासून इंजिनिअरिंगची मुलं, छोटे उद्योजक, संस्थेचं संकेतस्थळ सांभाळणारे कार्यकर्ते सगळे एकच विचारतात: या तिघांतला चांगला कोणता?

बंद पडण्यात तिघंही सारखेच आहेत, हे त्या वर्षाने दाखवून दिलं. फरक आहे तो रोजच्या वापरात. आणि त्या फरकाबद्दल माझं मत पक्कं आहे. स्क्रीन किती देखणी आहे, बटणं किती मोठी आहेत यावर क्लाउडचा सोपेपणा ठरत नाही. दोन प्रश्न विचारावेत. आत्ता माझ्या नावावर काय काय चालू आहे, हे मला चटकन दिसतं का? आणि नको झालं की सगळं पुरतं बंद करता येतं का? सुरू करणं तिन्हीकडे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. खरी परीक्षा आवरताना होते.

## भाड्याने मिळतं ते काय?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत असलेले संगणक, जे आपण इंटरनेटवरून भाड्याने वापरतो. एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पुढे मी नुसतं ‘मशीन’ म्हणेन. मशीनसोबत डिस्क, इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे आयपी, डेटाबेस, फायली ठेवायची जागा अशा शेकडो गोष्टी मिळतात. भाडं वेळेवर आणि वापरावर. बहुतेक मशीनचं मोजमाप सेकंदांत होतं.

हे सगळं ज्या वेब पानावरून चालवायचं त्याला कन्सोल म्हणतात, ॲझ्युरमध्ये पोर्टल. आणि त्या इमारती ज्या भागात आहेत त्याला रीजन. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६मध्ये सुरू झालं, हैदराबादचं २०२२मध्ये. गूगलचं मुंबईत २०१७मध्ये, दिल्लीत २०२१मध्ये. मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या आधी, २०१५मध्येच भारतात आलं होतं आणि त्यांनी एकदम तीन ठिकाणी बस्तान बसवलं: पुणे, चेन्नई, मुंबई.

या तीन ठिकाणांची ॲझ्युरमधली नावं मात्र पहिल्यांदा वापरणाऱ्याला हमखास चकवतात. पुण्याच्या रीजनचं नाव ‘सेंट्रल इंडिया’. मुंबईचं ‘वेस्ट इंडिया’. पुण्यातल्या माणसाला आपण पश्चिमेला आहोत हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो बिनदिक्कत वेस्ट इंडिया निवडतो. ते रीजन लहान आहे आणि तिथे सगळ्या सेवा नाहीत. मग हवी ती सेवा यादीत दिसत नाही आणि दोष आपल्या खात्याचा असावा असं वाटून अर्धा दिवस जातो. सेवा असते, शेजारच्या सेंट्रल इंडियात, म्हणजे त्याच्याच गावात.

## तीन कंपन्यांचे तीन स्वभाव

स्क्रीनवर जे दिसतं त्याचं मूळ या कंपन्यांच्या सुरुवातीत आहे.

ॲमेझॉनने २००६मध्ये आधी फायली साठवण्याची सेवा एस-थ्री आणली आणि काही महिन्यांनी मशीन देणारी ईसी-टू. गिऱ्हाईक होते प्रोग्रामर. त्यांना कन्सोल नको होता, कोडमधून हुकूम देता आले की पुरे होतं. क्लिक करून वापरायचा कन्सोल आला २००९मध्ये. म्हणजे ॲमेझॉनमध्ये सुटे भाग आधी तयार झाले आणि ते एकत्र दाखवणारी खिडकी नंतर बसवली. आजही तिथे प्रत्येक सेवा आपल्या परीने वेगळी वागते. एका पानावरची सवय दुसऱ्या पानावर चालेलच असं नाही. नावंही तशीच: रूट फिफ्टी-थ्री, ग्लू, अथीना, फारगेट. नावावरून काम कळायचं नाही.

मायक्रोसॉफ्टचा ॲझ्युर २०१०मध्ये विक्रीला आला. त्यांची गिऱ्हाइकं आधीपासूनची मोठी कार्यालयं होती, जिथे कोणाला काय वापरता येईल हे एक विभाग ठरवतो. म्हणून ॲझ्युरमध्ये सगळीकडे उतरंड दिसते: वर संस्था, तिच्याखाली सबस्क्रिप्शन म्हणजे बिलाचं खातं, त्याखाली रिसोर्स ग्रुप, त्यात वस्तू. नोकरीत पहिल्यांदा ॲझ्युर हाती आलेल्याला हे ओझं वाटतं. ज्याने मोठ्या कार्यालयाची व्यवस्था सांभाळली आहे त्याला मात्र इथे घरच्यासारखं वाटतं.

गूगलने २००८मध्ये ‘ॲप इंजिन’पासून सुरुवात केली: कोड द्या, मशीनची काळजी आम्ही घेतो. साधी मशीन भाड्याने देणं त्यांनी पूर्णपणे खुलं केलं ते थेट २०१३च्या डिसेंबरात. उशिरा आल्यामुळे आधीच्यांचे घोळ त्यांना दिसलेले होते, आणि कन्सोल तुलनेने एकसारखा राहिला.

## आपली वस्तू ठेवली कुठे?

माझ्या दृष्टीने तिघांमधला सगळ्यात मोठा फरक हा आहे. तुम्ही सुरू केलेली मशीन, डिस्क, डेटाबेस कुठल्या कप्प्यात जातात?

ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये वर उजव्या कोपऱ्यात रीजनचं नाव असतं. तुम्ही मुंबई निवडलेली असेल तर बहुतेक पानांवर मुंबईतल्याच वस्तू दिसतात. आज सरावासाठी व्हर्जिनियात एक मशीन सुरू केलं, उद्या मुंबई निवडून लॉगिन केलं, की यादी रिकामी. मशीन गेलं असं वाटतं. ते गेलेलं नसतं, चालू असतं आणि भाडंही चालू असतं. ॲमेझॉनने सगळ्या रीजनमधल्या मशीन एकत्र दाखवणारं ‘ईसी-टू ग्लोबल व्ह्यू’ नावाचं पान दिलं आहे, पण त्याचा पत्ता नवख्याला कोणीतरी सांगावा लागतो.

गूगलमध्ये आधी प्रोजेक्ट काढावा लागतो आणि प्रत्येक वस्तू कुठल्यातरी प्रोजेक्टमध्येच जन्माला येते. मशीनच्या यादीत त्या प्रोजेक्टमधली सगळ्या रीजनची मशीन एकत्र दिसतात. मुंबईतलं, दिल्लीतलं, अमेरिकेतलं, एकाखाली एक. ज्याला सराव करायचा आहे त्याने ‘सराव’ नावाचा प्रोजेक्ट काढावा. काम संपलं की प्रोजेक्ट बंद करावा, आत असेल नसेल ते सगळं त्यासोबत थांबतं. चुकून बंद केलाच, तर ३० दिवसांत तो परत आणता येतो; आतली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी परत येईलच अशी खात्री मात्र धरू नये.

ॲझ्युरचा रिसोर्स ग्रुप याच जातीचा. कुठलीही वस्तू ग्रुपशिवाय बनवताच येत नाही. ग्रुप पुसायला गेलात की आत काय काय आहे त्याची यादी समोर येते आणि ग्रुपचं नाव स्वतः टाइप करून दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती दोन सेकंदांची अडवणूक मला फार मोलाची वाटते. इथे पुसलं ते सहसा परत मिळत नाही, आणि स्क्रीन ते तुमच्याकडून वदवून घेते.

ॲमेझॉनमध्ये वस्तूंना टॅग लावून गट पाडता येतात, पण टॅग लावणं ऐच्छिक आहे आणि गट पुसला म्हणून वस्तू जात नाहीत. जाणकार मंडळी प्रत्येक कामासाठी वेगळं खातंच काढतात. तो खरोखर चांगला उपाय आहे. पण पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्याला तो सुचणार नाही, आणि कन्सोलही तो आपणहून सुचवत नाही.

## एक मशीन सुरू करून पाहू

तिन्हीकडे एक छोटं लिनक्स मशीन (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी एक प्रणाली) घ्यायचं आणि त्यात शिरायचं, एवढंच काम.

गूगलमध्ये पहिल्यांदा एक अडथळा येतो: प्रोजेक्टमध्ये ‘कॉम्प्युट इंजिन एपीआय’ चालू करा असं पान समोर येतं. ते काय हे नवख्याला कळत नाही. निळं बटण दाबून थोडं थांबायचं, बस. मग नाव, रीजन, मशीनचा आकार निवडत जा तसा उजवीकडे महिन्याच्या खर्चाचा अंदाज बदलत जातो. मोठं मशीन निवडलं की आकडा उडी मारतो, तिथल्या तिथे. मशीन तयार झाल्यावर यादीत त्याच्या ओळीतच ‘एसएसएच’ असं बटण असतं. दाबलं की ब्राउझरमध्येच काळी खिडकी उघडते आणि तुम्ही मशीनच्या आत असता. किल्ली, पासवर्ड, काहीही विचारलं जात नाही, कारण तात्पुरती किल्ली गूगलच बनवतं.

ॲमेझॉनमध्ये ‘लाँच इन्स्टन्स’ दाबल्यावर वाटेत ‘की पेअर’ लागतो. एक किल्लीची फाइल तुमच्या संगणकावर उतरते आणि ती एकदाच मिळते. हरवली की ॲमेझॉनकडून पुन्हा मिळत नाही. मग त्या फाइलचे हक्क बदला, टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी उघडा, आणि वापरकर्त्याचं नाव बरोबर घाला. ॲमेझॉनच्या स्वतःच्या लिनक्ससाठी ते ‘ईसी-टू-यूजर’, उबंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारासाठी ‘उबंटू’. चुकीचं घातलं की ‘परमिशन डिनाइड’ एवढंच उत्तर. चूक नावात आहे की किल्लीत, हे त्या उत्तरावरून कळत नाही. ब्राउझरमधून जोडायची सोय आता इथेही आहे आणि नवशिक्याने तीच वापरावी. खर्चाचं म्हणाल तर मशीनच्या प्रकाराशेजारी ताशी दर दिसतो. डिस्क, आयपी वगैरे सगळं धरून अंदाज हवा तर प्राइसिंग कॅल्क्युलेटर हे वेगळं पान उघडावं लागतं.

ॲझ्युरचा अर्ज लांब आहे: बेसिक्स, डिस्क्स, नेटवर्किंग, मॅनेजमेंट, मॉनिटरिंग असे एकामागून एक टॅब, आणि शेवटी सगळं तपासून दाखवणारं पान, ज्यावर ताशी दर लिहिलेला असतो. पहिल्या टॅबवर गरजेचं भरून थेट शेवटच्या पानावर गेलं तरी चालतं, पण हे माहीत नसलेला माणूस प्रत्येक टॅबवर घाम गाळतो. इथे एक चांगली गोष्ट आहे. मशीन पुसलं की त्यासोबत डिस्क आणि आयपीही जावेत का, हे मशीन बनवतानाच ठरवता येतं. त्या खुणा केल्या नाहीत, तर ते मागे राहू शकतात.

## मशीन बंद केलं, तरी बिल का येतं?

लग्न उरकलं, पाहुणे गेले, तरी मंडपवाल्याच्या खुर्च्या, भांडी, जनरेटर मोजून परत केल्याशिवाय भाडं थांबत नाही. क्लाउडचं तसंच आहे. ‘मशीन’ म्हणून तुम्ही जे घेतलं ते प्रत्यक्षात चार-पाच वस्तूंचं बिऱ्हाड असतं, आणि प्रत्येकीचा मीटर वेगळा.

मशीन थांबवलं की प्रोसेसर आणि मेमरीचं भाडं थांबतं. डिस्क तिथेच असते, कारण तुमचा डेटा तिच्यावर आहे, आणि तिचं भाडं चालू राहतं. हे तिन्हीकडे खरं आहे. राखून ठेवलेल्या आयपीचंही तेच. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला ताशी अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली, मग तो वापरात असो वा नसो. महिन्याचे होतात साधारण साडेतीन डॉलर. आकडा लहान आहे, पण विसरलेले पाच पत्ते वर्षभर राहिले तर दोनशे डॉलरच्या वर जातात.

सगळ्यात जास्त अंगावर येतो तो नॅट गेटवे. आतल्या मशीनना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी ही सेवा. यूट्यूबवर पाहून ॲमेझॉनचं नेटवर्क उभारताना शिकाऊ माणूस ती बनवतो आणि विसरतो. व्हर्जिनिया रीजनमध्ये तिचा दर ताशी साडेचार सेंट आहे. एक बाइटही गेला नाही तरी महिन्याला बत्तीसेक डॉलर. मशीनच्या यादीत ती दिसत नाही, कारण तिचं पान वेगळं. ‘माझं तर एकही मशीन चालू नाही’ असं म्हणत बिल दाखवणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हे पान उघडायला सांगतो.

आता ‘बंद’ या क्रियेकडे पाहा. लिनक्समध्ये आतून शटडाउनचा हुकूम दिला, तर ॲमेझॉन आणि गूगलमध्ये साध्या मशीनचं भाडं थांबतं. ॲझ्युरमध्ये नाही. तिथे मशीनची स्थिती ‘स्टॉप्ड’ दिसते आणि प्रोसेसरचं भाडं चालूच राहतं, कारण ती जागा अजून तुमच्या नावावर राखलेली आहे. पोर्टलमधलं ‘स्टॉप’ बटण दाबाल तेव्हा स्थिती ‘स्टॉप्ड (डीॲलोकेटेड)’ होते आणि मगच मीटर थांबतो. कंसातल्या त्या एका शब्दावर महिन्याचं बिल अवलंबून असणं हे माझ्या मते रचनेतलंच वैगुण्य आहे, मग दस्तऐवजात ते कितीही स्पष्ट लिहिलेलं असो. उलट बाजूचीही एक ठेच सांगतो: ॲमेझॉनमध्ये मशीन ‘टर्मिनेट’ करणं म्हणजे ते कायमचं घालवणं, आणि गूगलच्या कमांडमध्ये नुसतं थांबवलेलं मशीनही ‘टर्मिनेटेड’ असं दिसतं. एकीकडची सवय दुसरीकडे नेणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

## “पण मी बजेट लावलंय, मग काळजी कशाची?”

बजेट म्हणजे सूचना. ठरवलेल्या रकमेच्या इतके टक्के खर्च झाला की ई-मेल येतो. मशीन थांबत नाही. ॲमेझॉन, ॲझ्युर, गूगल तिघांचंही नेहमीच्या खात्यावर हेच आहे. त्यात खर्चाचे आकडे काही तास मागे असतात, त्यामुळे रात्री सुरू झालेली गडबड सकाळच्या मेलमध्ये कळते. ॲमेझॉनमध्ये बजेट ओलांडल्यावर ठरावीक मशीन थांबवण्याची कृती जोडता येते. गूगलमध्ये थोडा कोड लिहून प्रोजेक्टचं बिलिंगच तोडता येतं. दोन्ही आपण मुद्दाम करायचं, आपोआप काही होत नाही. कंपन्या म्हणतात की चालू धंद्याची मशीन आम्ही आपोआप कशी बंद करायची? मोठ्या गिऱ्हाइकाबाबत ते पटतं. पण शिकणाऱ्याला ‘एक हजार रुपयांच्या वर गेलं तर सगळं बंद कर’ असं एक साधं बटण हवं, आणि ते न देण्याचं समाधानकारक कारण मला अजून सापडलेलं नाही.

चाचणीच्या काळात मात्र परिस्थिती बरीच सुधारली आहे. गूगल नव्या खात्याला ९० दिवसांसाठी ३०० डॉलरचं क्रेडिट देतं, ॲझ्युर ३० दिवसांसाठी २०० डॉलर. ॲमेझॉनने १५ जुलै २०२५पासून आपली पद्धत बदलली: नव्या खात्याला २०० डॉलरपर्यंत क्रेडिट आणि सहा महिन्यांचा ‘फ्री प्लॅन’, ज्यात क्रेडिट किंवा मुदत संपली की खातं बंद होतं, कार्डावर काही पडत नाही. ॲमेझॉनमध्ये हा फ्री प्लॅन निवडला असेल, तर तिन्हीकडे आता तुम्ही स्वतः ‘अपग्रेड’ दाबेपर्यंत खिशाला धोका नाही. म्हणून ते बटण दाबण्याआधी आतल्या वस्तूंची झाडाझडती घ्यावी. बहुतेक रडगाणी अपग्रेडनंतरच्या महिन्यातली असतात.

भारतीय कार्डांची आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे आगाऊ दिलेली ऑनलाइन संमती, लागतं, आणि अशा वसुलीत १५,००० रुपयांच्या वर ओटीपी द्यावा लागतो. लहान कंपन्यांचं बिल याच मर्यादेच्या आसपास घुटमळतं. एखाद्या महिन्यात ते ओलांडलं, ओटीपीकडे कोणी लक्ष दिलं नाही, की पैसे थकतात. बिलाचे मेल ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता रोज उघडणाऱ्या माणसाचा असावा. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नको.

## “परवानगी नाही” म्हणजे कुठली नाही?

तीन-चार जण मिळून काम करायला लागले की रोजचा अनुभव ठरतो परवानग्यांवर. कोणी काय करायचं हे तिघंही बारीक ठरवू देतात. पण परवानगी कमी पडली तर स्क्रीन काय सांगते?

गूगल सांगतं: अमुक प्रोजेक्टवर तुमच्याकडे अमुक परवानगी नाही, आणि त्या परवानगीचं अचूक नाव देतं. ते नाव उचलून वरिष्ठांना पाठवायचं, काम झालं. ॲझ्युरचा संदेश लांबलचक आणि आकड्या-अक्षरांच्या ओळखींनी भरलेला असतो, तरी कुठली कृती आणि कुठल्या ठिकाणी अडली हे त्यात असतं. ॲमेझॉनच्या ईसी-टूमध्ये मात्र अनेकदा ‘तुम्हाला अधिकार नाही’ या वाक्यामागे शेकडो अक्षरांची एक सांकेतिक ओळ येते. ती उलगडायला वेगळी कमांड आहे, आणि ती कमांड चालवायलाही वेगळी परवानगी लागते. सुरक्षेसाठी ते तसं ठेवलं आहे, कारण आतली माहिती कोणालाही दिसू नये. तरी रात्री अकरा वाजता काम अडलेल्या कनिष्ठ मुलीला त्या ओळीचा काय उपयोग?

याचा परिणाम पुढे सुरक्षेवर होतो, म्हणून मी यावर इतका थांबलो. संदेश समजत नाही तेव्हा माणसं वैतागून सगळ्या परवानग्या देऊन टाकतात.

जाता जाता: ग्राफिक्स प्रोसेसर असलेलं मशीन घेऊन एआयचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘कोटा’, म्हणजे किती मशीन घेता येतील याची मर्यादा, आडवा येतो. नव्या खात्याला अशा मशीनचा कोटा बहुधा शून्यच असतो. अर्ज करावा लागतो आणि तो नाकारलाही जातो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात हे कळणं फार वाईट.

## “पण खरे इंजिनिअर स्क्रीन वापरतच नाहीत”

हा आक्षेप बरोबर आहे. मोठ्या कामात मशीन क्लिक करून उभारत नाहीत. टेराफॉर्मसारख्या साधनात सगळी रचना लिहून ठेवतात आणि ते साधन तिन्ही क्लाउडवर चालतं. तसं लिहिलेलं असेल तर आवरणंही एका कमांडचं काम. माझ्या दोन प्रश्नांचं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे, आणि शिकणाऱ्याने शक्य तितक्या लवकर तिकडे वळावं.

पण अनुभवातला फरक तिथेही पुसला जात नाही. ॲझ्युरच्या कमांडला ग्रुप, नाव आणि लिनक्सची प्रत सांगितली की नेटवर्क आणि आयपी ती स्वतः उभारते. ॲमेझॉनमध्ये लिनक्सच्या प्रतीचा क्रमांक प्रत्येक रीजनमध्ये वेगळा असतो. मुंबईत चाललेली कमांड हैदराबादला तशीच चालत नाही. गूगलचा कन्सोल तुम्ही भरलेल्या अर्जाची कमांड तिथेच लिहून दाखवतो, ती उचलून शिकता येते. स्क्रीनवरून कमांडकडे नेणारी ही वाट मला फार आवडते. शिवाय खर्च, बिघाड, परवानग्या पाहायला इंजिनिअरही कन्सोलमध्येच येतो. संस्थेचा खजिनदार तर टेराफॉर्म लिहिणार नाही, त्याला बिलाचं पानच वाचायचं आहे.

## बिघाड झाला तर कळतं का?

ऑक्टोबर २०२५चे बिघाड याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ॲमेझॉनकडे डायनॅमो-डीबी या डेटाबेसचा पत्ता सांगणारी नोंद स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीने रिकामी झाली, आणि त्यावर विसंबलेल्या सेवा एकेक करून पडल्या. त्यात गिऱ्हाइकांना मदतीसाठी तक्रार नोंदवणंही काही काळ जमत नव्हतं. ॲझ्युरमध्ये, बाहेरून येणारी वर्दळ योग्य जागी पोचवणाऱ्या ‘फ्रंट डोअर’ या सेवेत चुकीचा बदल गेला आणि खुद्द पोर्टल उघडेनासं झालं. म्हणजे ज्या खिडकीतून पाहायचं तीच बंद. कमांडलाइन आधीपासून लावून ठेवलेल्यांना निदान दुसरा दरवाजा होता. मुंबई किंवा पुण्याच्या रीजनमध्ये काम असणाऱ्यांनीही ‘आपलं तर भारतात आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये, काही जागतिक सेवांची सूत्रं बाहेरच असतात.

## मग कोणी काय घ्यावं?

एकट्याने शिकायचं असेल, छोटं ॲप लावायचं असेल, तर मी गूगल सुचवेन. प्रोजेक्टमुळे पसारा एका जागी राहतो, खर्च आधी दिसतो, आणि चूक झाल्यावर येणारा संदेश वाचून काहीतरी कळतं. ज्या कार्यालयात मायक्रोसॉफ्टचं ई-मेल आणि विंडोज आहे, तिथे ॲझ्युर. त्याच लॉगिनने काम होतं आणि कर्मचारी गेला की एका ठिकाणी खातं बंद केलं तरी पुरतं. नोकरीसाठी शिकत असाल तर ॲमेझॉन टाळून चालणार नाही. जगात सगळ्यात जास्त वापर त्याचा आहे, अडचण आली तर तिचं उत्तर कोणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं, आणि हेही अनुभवातच धरायला हवं. त्याची मूळ रचना अवघड असली तरी आतल्या वस्तू भक्कम आहेत, आणि चुका सुधारण्याकडे त्यांचा कल आहे. एस-थ्रीमधल्या फायली चुकून जगजाहीर होण्याच्या घटना वर्षानुवर्षं घडत होत्या. एप्रिल २०२३पासून नवा कप्पा मुळातच बंद दारांनी मिळतो.

दराची तुलना मी मुद्दाम शेवटी ठेवली. लहान वापरात तिघांचे दर इतके जवळ आहेत की एक विसरलेली डिस्क तो फरक खाऊन टाकते.

## “आणि नंतर बदलावंसं वाटलं तर?”

डेटा बाहेर न्यायला क्लाउड कंपन्या पैसे घेतात, आणि ही भीती बरीच वर्षं खरी होती. २०२४च्या जानेवारीत गूगलने, आणि मार्चमध्ये ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने, सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हे शुल्क माफ करायचं जाहीर केलं. त्यासाठी आधी त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत डेटा हलवावा लागतो. न विचारता डेटा काढायला सुरुवात केली तर नेहमीचा दर लागतो. फायली आणि साधे डेटाबेस असे नेता येतात. परवानग्यांची मांडणी, नेटवर्कचे नियम आणि डायनॅमो-डीबी किंवा गूगलच्या बिगक्वेरीसारख्या त्या-त्या कंपनीच्या खास सेवांवर लिहिलेला कोड मात्र नव्या ठिकाणी पुन्हा बसून लिहावा लागतो, आणि त्याचे पैसे कोणी माफ करत नाही.